सड्यावरचं गाऱ्हाणं

रत्नागिरीहून जयगडकडे जाणारी एस.टी. जिथे धापा टाकत चढते, त्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, एका धर्मादाय ट्रस्टचं वेड्यांचं इस्पितळ होतं. पाटीवर 'करुणालय' असं लिहिलेलं होतं, पण पाटी वाचायला तिकडे जातो कोण? गावोगावचे लोक त्याला नुसतं 'सडा' म्हणत. अमक्याची सून सड्यावर टाकली, तमक्याचा भाऊ सड्यावर आहे, एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. शब्दही तोच, टाकली. ठेवली नाही, दाखल केली नाही, टाकली.

सगुणालाही अशीच टाकली होती. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली, आणि दहा दिवसांची सुवेर फिटायच्या आत सगुणा भिंतीशी बोलायला लागली. पोर मांडीवर घेईना. ही माझी नव्हे, कुणीतरी बदलून आणलीय, म्हणायला लागली. सासरच्यांचे अंगारे झाले, भगत झाला, आणि शेवटी तिला सड्यावर सोडून ते संध्याकाळच्या गाडीने परतले. पुढे दोनेक वर्षांत ती बरी झाली. अगदी ठणठणीत. घ्यायला या म्हणून इस्पितळाने कळवलंही. पण नवऱ्याने तोवर मुंबईत गिरणीच्या चाळीत दुसरी बायको केली होती, आणि बऱ्या झालेल्या पहिलीचं काय करायचं हे त्याला सुचलं नाही. तो आलाच नाही, आणि घरच्या माणसाने सही करून नेल्याशिवाय इस्पितळ कुणाला सोडत नसे.

पोर मात्र सगुणाच्या भावाने नेली. केरू लांज्याजवळच्या गावचा. बहिणीलाही न्यावं असं त्याच्या मनात होतं, पण बायकोने सांगितलं, पोर आणायची तर पोर आणा, तिची आई माझ्या उंबऱ्याच्या आत नको. केरू भला माणूस होता. म्हणजे वर्षातून एकदा तो फणसपोळीची वळकटी घेऊन सड्यावर येई, भाची काशी किती मोठी झाली ते हाताने दाखवी, डोळे पुशी आणि परत जाई. असला भलेपणा जगात पुष्कळ आहे आणि त्याने कुणाचं काही बिघडतही नाही, सुधरतही नाही.

सगुणा राहिली ती कामाला लागली. बायकांच्या वॉर्डावर यमुनाबाई मावशी म्हणून होती, पगार तिचा होता, साडी सरकारी इस्त्रीची असावी अशी कडक होती. पण पेज वाटायची सगुणा, बायकांना विहिरीवर नेऊन न्हाऊ घालायची सगुणा, उवा काढायची सगुणा, जी जेवत नसे तिच्या तोंडात गोड बोलून घास घालायची सगुणा. यमुनाबाई खाटेवर बसून मिश्री लावी आणि म्हणे, "माजी सगुना हाय म्हनून माजा चाल्लाय." ते खरंच होतं. तिथेच तर सगळं घोडं अडलं.

मुंबईच्या गिरण्यांच्या संपाची धामधूम विरून गेली होती, त्या सुमारास डॉक्टर वसुधा केळशीकर सड्यावर आल्या. विलायतेत शिकून आलेल्या, तरुण, खादीची साडी, खांद्याला शबनम आणि हातात टेपरेकॉर्डर. म्हातारे सुपरिंटेंडंट त्यांना पाहून आधी घाबरले आणि मग खूश झाले, कारण बाई पगार मागत नव्हत्या. त्यांना संशोधन करायचं होतं. आणि तेही आजवर झालं तसं नाही. आजवर डॉक्टर प्रश्न विचारत, रोगी उत्तरं देत, आणि कागद डॉक्टरांच्या नावावर छापून येत. केळशीकरबाई म्हणाल्या, संशोधन रोग्यांवर नाही, रोग्यांबरोबर करायचं. काय शोधायचं तेही इथली माणसं ठरवतील. रोगी, मावशा, मामा, सगळे एका रिंगणात बसतील. घरी कुणाला पाठवायचं, कधी पाठवायचं, हेसुद्धा ही बैठकच ठरवेल, आणि ती कशी ठरवते त्याचाच आपण अभ्यास करायचा. सुपरिंटेंडंटांनी ताबडतोब मान डोलावली. निर्णयाची एक कटकट परस्पर गेली तर कुणाला नको असते?

दर गुरुवारी जेवणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक भरू लागली. बाई स्वतः जमिनीवर मांडी घालून बसत. त्याचंच सगळ्यांना इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की कुणी ब्र काढत नसे. "तुम्हाला काय वाटतं ते बोला," बाई म्हणत. मोठ्या माणसाने काय वाटतं ते बोल म्हटलं की गप्प बसायचं असतं, हे त्या शेडमधल्या अगदी पार वेड्या माणसालाही ठाऊक होतं. बाईंच्या टेपवर नुसते कावळे यायचे.

अशात एका गुरुवारी भागोजीमामा उठला. भागोजी पुरुषांच्या वॉर्डचा मामा, यमुनाबाईचा सख्खा दीर, आणि त्याच्या गावी देवळात साऱ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याने डोक्यावरची टोपी सरळ केली आणि म्हणाला, "बाईसाब, आमच्यात आसा कोन बोलत नाय. आदी गाराना घालाया लागतो." बाईंनी विचारलं, म्हणजे काय? भागोजीने सांगण्याऐवजी हातच जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दोघं-तिघं पुटपुटले.

"आज ही तुजी येडीखुळी लेकरा तुज्या म्होरं बसली हायत."

"व्हय म्हाराजा."

"त्येंच्या पोटात काय हाय ता त्येंच्या ओठाव येऊ दे."

"व्हय म्हाराजा!" आता सगळी शेड बोलली. वर्षानुवर्षं ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता तेही बोलले. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसणारी एक म्हातारी तर सगळ्यांच्या नंतर, एकटीच, मोठ्याने म्हणाली. गाऱ्हाण्याला होकार देणं कुणी शिकवावं लागत नाही. कडेवर असताना कानावर पडतं ते वेडातही जात नाही.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. टेप फिरत होती.

तेव्हापासून प्रत्येक बैठक गाऱ्हाण्याने सुरू व्हायला लागली, आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने त्यातून चांगलंच निघालं. भागोजी आधी सगळ्यांशी बोलून घेई, कुणाचं काय दुखतं ते गाऱ्हाण्यात घाली, लोक होय म्हणत आणि बाई ते सुपरिंटेंडंटांकडून करवून घेत. रविवारी बांगड्याचं कालवण मिळायला लागलं. बायकांना पोत्यासारखे झगे जाऊन लुगडी आली. त्या लुगड्यांचं सगुणानेच भागोजीच्या कानावर घातलं होतं. आपण सांगितलं आणि झालं, हा प्रकार तिच्या जन्मात पहिल्यांदा घडत होता. तिला बैठकीचा लळाच लागला.

फक्त प्रेमला होय म्हणत नसे. प्रेमला मालगुंडकडच्या बौद्धवाडीतली, सगुणाच्या शेजारच्या खाटेवरची. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एक दिवस ती बोलायचीच थांबली होती, ती सड्यावर येऊन हळूहळू बोलती झाली. गाऱ्हाणं सुरू झालं की ती ओठ मिटून समोर बघत राही. सगुणाने एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "माज्या बापान छप्पन सालात घरातले देव खाडीत सोडले. मी आता व्हय म्हनू ता कुनाला? भागोजीला?" डॉक्टरबाईंनी प्रेमलाच्या नावापुढे लिहिलं होतं, समूहात मिसळत नाही.

शिमगा झाला आणि केरू आला. या वेळी फणसपोळी नव्हती, बातमी होती. काशीचं लग्न जमत होतं. मुलगा लांज्याचा, घरचा काजूचा कारखाना, लहानसा पण आपला. मुलाची आई आनंदीबाई बाहेरून कणखर होती आणि आतून त्याहून कणखर. तिने केरूला समोर बसवून विचारलं होतं, मुलीची आई सड्यावर आहे हे खरं का? केरूने खोटं बोलायचं धाडस केलं नाही. खरं आहे, पण ती कधीच बरी झालीय, म्हणाला. त्यावर आनंदीबाई म्हणाली होती, बरी असेल तर सुपारी फोडायच्या दिवशी तिला माझ्या समोर आणून बसव. मी तिच्याशी बोलेन, तिच्या हातचं पाणी पिईन, मग माझी काही हरकत नाही. पण बरी असून सड्यावर का, हे मात्र मला कळत नाही.

"रव्वारी सुपारी हाय," केरू म्हणाला. "शनवारी तुला न्ह्यायला येतो. माज्या बायलेनंच सांगलान, घेवन ये म्हनून."

सगुणाने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा पुसलं. काशीला तिने पाजलं नव्हतं, काशीचं तोंड कसं आहे हे तिला माहीत नव्हतं. जन्म देऊन जी पोर आपली नव्हे म्हणून तिने ढकलली, तिच्या कामाला यायची एक संधी देवाने अठरा वर्षांनी समोर ठेवली होती, आणि ती एवढीशीच होती. लांज्याला जायचं, पाटावर नीट बसायचं आणि एका बाईला पाण्याचा तांब्या द्यायचा.

वॉर्डात बातमी पोचायला वेळ लागला नाही. यमुनाबाईने मिश्रीची डबी बाजूला ठेवली. सगुणा गेली तर विहिरीवर न्हाऊ घालणार कोण? चावणाऱ्यांना भरवणार कोण? ती दुपारीच भागोजीकडे गेली. दिराभावजयीचं काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही, पण परत आली तेव्हा यमुनाबाईची मिश्री निवांत चालू होती.

गुरुवारच्या बैठकीत सगुणा धुतलेलं लुगडं नेसून बसली. काय बोलायचं ते तिने मनात घोकून ठेवलं होतं. मी बरी आहे, लेकीचं काम आहे, मला जाऊ द्या. एवढंच. डॉक्टरबाई प्रसन्न होत्या. "आज आपल्या संशोधनातला फार मोठा दिवस," त्या म्हणाल्या. "सगुणाताईंना घरून बोलावणं आलंय. मी यात एक अक्षर बोलणार नाही. तुम्ही सगळ्यांनी ठरवायचंय. भागोजीमामा, आधी गाऱ्हाणं."

प्रेमलाने सगुणाच्या कोपराला ढोसलं. "तोंड मिटून बस," ती कुजबुजली. "आज तोंड उघडूच नको."

भागोजीने टोपी सरळ केली, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आमच्या सगुनाची लेक उजवाया आली हाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगुणाही म्हणाली. हात तिचे आपसूक जोडले गेले होते.

"त्या पोरीचा लगीन निर्मळ पार पडू दे."

"व्हय म्हाराजा."

"तिची कूस भरू दे, तिला आपल्या आयेसारखा भोग येऊ नको दे."

सगुणाचा आवाज फाटला. "व्हय म्हाराजा!" इतका जीव ओतून तिने आजवर कशालाच होय म्हटलं नव्हतं.

"त्या मंगल कार्याव सड्याची सावली पडू नको दे."

"व्हय म्हाराजा."

"म्हनून ही सगुना, हितल्या अनाथ लेकरांची माय, ही तुज्या पायाशी हितंच ऱ्हाऊ दे. ती हितं ऱ्हायली तर तिची लेक तितं सुखी ऱ्हाऊ दे."

सगळी शेड म्हणाली, "व्हय म्हाराजा."

सगुणाला कळलं. वेडी नव्हती ती, शब्द न् शब्द कळला. पण गाऱ्हाणं ही काही बाजारातली टोपली नाही की चार आंबे घेतले आणि पाचवा परत केला. मागचे होकार देवाने घेतले होते. लेकीचं लग्न, लेकीची कूस, सगळं त्या एका माळेत ओवून भागोजीने तिच्या हातात दिलं होतं. शेवटचा मणी नाकारला तर पहिले कुठे राहतात? गावच्या देवळात गाऱ्हाणं अर्धं सोडणाऱ्याचं काय होतं, याच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली होती. तिचे ओठ हलले. सगळ्यांच्या नंतर, एकटीचा, बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

डॉक्टरबाईंनी टेप फिरतेय ना ते पाहून घेतलं. मग त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "आता कुणाला काही बोलायचंय?"

प्रेमला उभी राहिली. "तिला जायाचा हाय," ती म्हणाली. "त्या मामान तिला बांधून घातलीन. त्याच्या भावजयीला काम नको म्हनून. हिला सोडा, बाई."

"प्रेमला, तुम्ही बोललात याचा मला खूप आनंद झाला," बाई म्हणाल्या. आणि तो त्यांना खराच झाला होता, हीच तर त्यातली वाईट गोष्ट. "पण दुसऱ्याच्या वतीने नको. सगुणाताई, तुम्ही सांगा. प्रेमला म्हणतात ते खरं आहे?"

देवाला होय म्हणून अजून थुंकी सुकली नव्हती. त्याच तोंडाने लगेच नाही म्हणायचं, आणि तेही काशीच्या लग्नावर घातलेल्या गाऱ्हाण्याला? सगुणाने मान खाली घातली ती वर केली नाही. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली, कारण घाई करायची नाही हे त्यांचं तत्त्व होतं. मग त्यांनी टेप बंद केली. संध्याकाळी यमुनाबाईने सांगितलं की प्रेमला आज फार उसळली होती, म्हणून प्रेमलाच्या गोळ्या वाढवण्यात आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा बाईंच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. रात्रभर तिने देवाची क्षमा मागितली होती आणि धीर गोळा केला होता. "बाई, मना जाऊ दे," ती म्हणाली. "मना जायाचा हाय."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर स्टुलावर बसल्या. "काल तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली?"

"नाय."

"धमकी दिली?"

"नाय, बाई. पन ता मी देवाला म्हटला. तुमाला नाय म्हटला."

बाई हसल्या, खूप मायेने हसल्या. देवाला माणूस खोटं सांगत नाही, म्हणाल्या. इतकी वर्षं एका जागी राहिलेल्या माणसाला बाहेरची भीती वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मन एकीकडे जायचं म्हणतं आणि आतून नको म्हणतं. ते आतलं काल बोललं. मग त्यांनी टेप लावली. भागोजीचा आवाज आला, शेडचा आला, आणि सगळ्यांच्या मागून तो बारीक आवाज आला.

"हा कुणाचा आवाज?"

"माजा," सगुणा म्हणाली.

"मग? सगुणाताई, मी आज एकटीने ठरवून तुम्हाला पाठवलं, तर मी जुन्या डॉक्टरांसारखीच झाले. मग बाकीच्यांच्या मताला किंमत काय राहिली? पुढच्या गुरुवारी आपण पुन्हा मांडू."

"सुपारी रव्वारी हाय, बाई."

"एका सुपारीने काय होतं? लग्नाला अजून वेळ आहे ना?"

सगुणाला हसूच आलं. इतकं शिकलेल्या बाईला सुपारी म्हणजे काय हे माहीत नसावं, याचं ते हसू होतं. बाईंना वाटलं, पटलं तिला.

शनिवारी केरू आला. काखेत पिशवी, पिशवीत नवं हिरवं लुगडं. सुपरिंटेंडंटांनी त्याला डॉक्टरबाईंकडे धाडलं. बाईंनी त्याला चहा दिला, सगळं समजावून सांगितलं आणि त्याच्या समाधानासाठी टेपही लावली. इथे केरूला एकच काम होतं. हा सगळा भागोजीचा कावा आहे, माझ्या बहिणीला सोडा, म्हणून टेबलावर हात आपटायचा. पण टेपमधून 'बा देवा म्हाराजा' ऐकू आलं मात्र, केरूने पायातल्या वहाणा काढल्या. चहाचा कप खाली ठेवला. हात जोडून उभा राहिला आणि प्रत्येक ओळीला, अगदी शेवटच्या ओळीलाही, टेपमधल्या माणसांबरोबर म्हणाला, "व्हय म्हाराजा."

डॉक्टरबाईंनी समाधानाने टेप बंद केली. भावाचीही संमती, त्यांनी लिहून घेतलं.

सगुणा फाटकाशी उभी होती. केरूने तिला पिशवी दाखवली नाही. "दादा, मी बरी हाय," ती म्हणाली. "तुला ठाव हाय मी बरी हाय."

"मना ठाव हाय, बाय. पन गाराना घातला गेला. तो मोडून तुला न्हेली, नि पोरीचा काय वायट झाला, तर मी कुनाला तोंड दाखवू?"

"नाय न्हेलीस तर तिचा वायट व्हनार नाय?"

केरूने पिशवी काखेत आवळली. चुना लावून ठेवलेल्या दगडावर बसून त्याने एस.टी.ची वाट पाहिली. गाडी आली तेव्हा तो मागे वळून न बघता चढला.

लांज्याला रविवारी आनंदीबाईने दारातच विचारलं, कुठे आहे? केरू म्हणाला, डॉक्टर सोडत नाहीत. मग तो गाऱ्हाण्याचं सांगायला लागला, पण ते तिने पुरतं ऐकून घेतलं नाही. डॉक्टर सोडत नाहीत म्हणजे ती बरी नाही, म्हणाली, आणि अठरा वर्षांत जे बरं होत नाही ते रक्तातलं असतं. माझ्या घरात मला नातवंडं हवीत, सड्यावरची गिऱ्हाइकं नकोत. सुपारी फुटली नाही. तासाभरात ती गोष्ट साऱ्या बाजारपेठेत झाली, कारण काजू सोलणाऱ्या बायकांच्या हाताला काम असतं आणि तोंड मोकळं असतं.

सगुणाला हे कळलं ते यमुनाबाईकडून. "बरा झाला म्हनायचा," यमुनाबाई म्हणाली. "आसल्या घरात पडली आसती तर पोरीचा हालच झाला आसता." आणि म्हणाली, "आज त्या नव्या आलेल्या बायेला न्हाऊ घालशील ना? माज्यान नाय व्हत ती." सगुणाने त्या बाईला न्हाऊ घातली. तिच्या डोक्यावर चुलीवरचं कढत पाणी पडलं आणि ती किंचाळली, तेव्हा सगुणाच्या ध्यानात आलं की आपण पाण्यात विसण घालायचंच विसरलो. ती बाई ओरडत राहिली आणि सगुणा तांब्या हातात धरून तिच्याकडे बघत उभी राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पावसाळ्याच्या आधी डॉक्टरबाईंचं संशोधन पूर्ण झालं. दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात परिषद भरली, तिथे त्यांनी टेप ऐकवली. बरी झालेली बाई समूहात राहण्याचा निर्णय स्वतः, आपल्या परंपरेच्या भाषेत कसा घेते, हे ऐकून सभागृहातल्या विद्वानांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणतात. छापील निबंधात भागोजीचं नाव सहसंशोधक म्हणून आलं, आणि भागोजीने तो कागद चौकटीत बसवून घेतला. सगुणाचं नाव गुप्त ठेवलं होतं, तिच्या भल्यासाठी. बाई मुंबईला परत गेल्या, येईन म्हणाल्या आणि आल्या नाहीत. गुरुवारच्या बैठका थांबल्या. रविवारचे बांगडेही.

केरू पुन्हा आला तो भातं कापून झाल्यावर. या वेळी फणसपोळी होती, नेहमीपेक्षा जास्त. सगुणा समोर बसली तरी तो जांभ्याच्या फरशीवर बोटाने रेघा ओढत बसला.

"काशीला दुसरी जागा आली हाय," तो शेवटी म्हणाला. "लांबची हाय, घाटावरची. तिकडं आपल्याला कोन वळकत नाय."

"बरा झाला."

"आये-बापाचा इचारलानी."

"मंग?"

केरूने रेघ ओढायची थांबवली. "मी सांगलाव, बाप मुंबईत आसतो. नि आय..." त्याने ओढलेली रेघ हाताने पुसली. "आय मेली म्हनून सांगलाव, सगुने. काशीच बोलली, मामा, आसाच सांग."

वॉर्डात कुणीतरी भांडं आपटत होतं. सगुणाने तिकडे लक्ष दिलं नाही. आपली लेक आपल्याला मेली म्हणते याचं तिला काय वाटलं हे तिच्या तोंडावर दिसलं नाही. ती विचारात पडली होती, पण वेगळ्याच. "कशान मेली म्हनून सांगलास?" तिने विचारलं.

"बाळतपनात. काशीच्या येळी."

"आसा कशाला सांगलास रे दादा?" सगुणाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जल्मताच आयेला खाल्लान म्हनतील. पोरीला पांडऱ्या पायाची म्हनतील, सासू जल्मभर टोचून खाईल. आसा नको सांगू."

"मंग काय सांगू?"

सगुणाने थोडा वेळ डोळे मिटले. पोरीचं सगळं लहानपण तिने पाहिलेलं नव्हतं, ते तिला आता मनाने रचावं लागत होतं. "तापान मेली म्हन," ती म्हणाली. "पोर चालाया लागली होती, बोलत होती. आये म्हनत होती मना. मंग ताप आला नि दोन दिसांत गेली. मरताना शुद्धीत होती म्हन. ता नक्की सांग, शुद्धीत होती. पोरीला जवळ घेवन बसली होती म्हन."

केरूने मान हलवली. सगुणाने त्याच्याकडून ते एकदा बोलून घेतलं, चुकला तिथे सुधारलं, आणि फणसपोळीतला तुकडा मोडून आधी त्यालाच दिला. मग ती उठली, कारण पेजेची वेळ झाली होती.